कोठाशुद्धि

आमच्या लहानपणीं महिन्या-दोन महिन्यांतून एखादा रविवार एरंडेलाचा म्हणून येत असे. आदल्या रात्रीं जेवण हलकें. सकाळीं चहांत कालवलेलें तें चिकट तेल नाक दाबून एका घोटांत घ्यावयाचें. मग दिवसभर परसाकडच्या फेऱ्या, आणि संध्याकाळीं मऊ भात व मेतकूट. त्या भाताइतका गोड भात पुढें कधीं खाल्ल्याचें मला आठवत नाहीं. 'कोठा साफ झाला' असें आजी समाधानानें म्हणे. आम्हांला ताप आलेला नसे, पोटही दुखत नसे. परंतु मुलांच्या पोटांत कांहीं तरी साचत असतें आणि तें अधूनमधून धुऊन काढलें पाहिजे, याविषयीं घरांत कोणाचें दुमत नव्हतें. भांडीं घासावीं, कपडे धुवावे, तसेंच हेंही.

एरंडेलाची बाटली घरांतून नाहींशी झाली. ती कल्पना मात्र गेली नाहीं. आतां ती रंगीत वेष्टनांत येते. सात दिवसांच्या सात बाटल्या, प्रत्येकींत निराळ्या रंगाचा रस, आणि वर 'डिटॉक्स' हीं अक्षरें. ज्या घरांत आजी एरंडेल देत असे त्याच घरांतील नातवंडें हा माल फोनवरून मागवितात आणि आजीला हंसतात. अलीकडे या रसांना कंटाळलेल्या मंडळींनीं दुसरी वाट धरली आहे. रस नको, चूर्ण नको. कांहीं आठवडे केवळ साधें, घरीं शिजविलेलें, कारखान्याचा हात न लागलेलें अन्न खावें, आणि साखर, मैदा, दूध, गहूं असे संशयित पदार्थ तेवढ्यापुरते ताटांतून काढून टाकावे, असें ते म्हणतात. पहिल्या वाटेची जागा ही दुसरी वाट घेऊं शकेल काय? मला हा प्रश्न पुस्तकांतून पडला नाहीं. हिंगोली जिल्ह्यांत सिद्धेश्वर येथें माझी थोरली बहीण राहते. तिच्या पोटानें तो आमच्यापुढें टाकला.

अक्काकडे वळण्यापूर्वीं त्या जुन्या कल्पनेची थोडी वंशावळ सांगितली पाहिजे. साचलेल्या मळाचें विष अंगांत भिनतें, ही समजूत एकट्या आमच्या आजीची होती असें कोणीं समजूं नये. विसाव्या शतकाच्या आरंभीं युरोप-अमेरिकेंतील नामांकित मंडळींनीं तिला शास्त्राचें आसन दिलें होतें. १९०८ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणारा मेच्निकॉफ म्हातारपणाचें मूळ मोठ्या आंतड्यांतील कुजण्यांत शोधीत होता आणि त्यावर आंबविलेल्या दुधाचा उपाय सुचवीत होता. त्यांत निदान कोणाचें नुकसान नव्हतें. लंडनचे सर विल्यम आर्बथनॉट लेन हे मोठे शस्त्रवैद्य. ते बद्धकोष्ठाच्या रोग्यांचें मोठें आंतडेंच कापून काढूं लागले. अमेरिकेंत बॅटल क्रीक येथें डॉ. केलॉग यांच्या आरोग्यधामांत बस्तीवर बस्ती चालत. पुढें १९१९ सालीं वॉल्टर आल्व्हारेझ या डॉक्टरांनीं एक अगदीं साधा मुद्दा मांडला. बद्धकोष्ठाचा जडपणा आणि डोकेदुखी हीं शौचास होतांच थोड्या वेळांत जातात. रक्तांत भिनलेलें विष इतक्या तडकाफडकी कसें उतरेल? त्रास विषाचा नव्हता, ताणलेल्या आंतड्याचा होता. या मुद्यानंतर तो पंथ वैद्यकाच्या ग्रंथांतून हळूहळू उठला आणि बाजारांत जाऊन बसला. तेथें तो अजून सुखरूप आहे.

शरीर म्हणजे न घासलेलें भांडें नव्हे. मूत्रपिंडें दिवसाकाठीं सुमारें १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यांतला दीड-दोन लिटर तेवढा बाहेर टाकतात. लहान आंतड्याचें आंतलें अस्तर तीन ते पांच दिवसांत नवें होतें; मग त्यावर वर्षानुवर्षांचा थर बसणार कोठें? रसावर राहून पहिल्या दोन-तीन दिवसांत जें वजन उतरतें तें बहुतांशीं पाण्याचें असतें. यकृतांत आणि स्नायूंत सांठविलेली साखर संपते, तिला धरून असलेलें पाणी तिच्याबरोबर जातें, आणि माणूस जेवूं लागला कीं दोन्ही परत येतात. २०१५ सालीं दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनीं या विषयावरील सारा पुरावा तपासून पाहिला, तेव्हां बाजारांतील डिटॉक्स-आहारांची रीतसर तुलनात्मक चांचणी झाल्याचें एकही उदाहरण त्यांना आढळलें नाहीं.

'विष' हा शब्द असा स्वस्तांत वापरलेला पाहून मला चीड येते. आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत २०१७ च्या पावसाळ्यांत कपाशीवर औषध फवारतांना अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले; शेंकडों लोक रुग्णालयांत पडले. तें विष होतें. त्याला नांव होतें आणि त्याच्यावरचे उपचार डॉक्टरांच्या हातांत होते. बाटलीवाल्यांना एकदां विचारून पाहावें कीं, तुमचा रस नेमकें कोणतें विष बाहेर काढतो? तें ते सांगत नाहींत.

सिद्धेश्वर हें पूर्णा नदीवरचें गांव. नदीवर वरच्या अंगाला येलदरीचें धरण, त्याच्या खालीं सिद्धेश्वरचें. औंढ्याचें नागनाथाचें देऊळ तेथून फार दूर नाहीं. अक्का चाळीस वर्षांपूर्वीं लग्न होऊन या भागांत आली आणि इथलीच झाली. घरचें शेत हळदीचें. हिवाळा सरतां सरतां तिच्या अंगणांत उकडलेली हळद वाळत पडलेली असते. शहरांतले लोक हळदीचें दूध 'शुद्धीकरणा'साठीं पितात हें मीं सांगितलें, तेव्हां जन्मभर चिमूटभर हळद वरणांत टाकीत आलेल्या या बाईला मोठी मौज वाटली. "एवढी हळद आमच्या अंगावर बसती," ती म्हणाली, "मग आम्ही तर देवासारखे शुद्ध पाहिजेत."

परंतु तिचें पोट पंधरा-वीस वर्षें तिला छळीत होतें. जेवल्यावर फुगावयाचें, कळा यावयाच्या. कधीं दिवसांतून तीनदां, कधीं दोन दिवसांत एकदांही नाहीं. एरंडेल झालें, हिरडा झाला, ओवा झाला, सोनामुखीचा काढा झाला. वांगें वातूळ म्हणून तिनें वीस वर्षांपूर्वीं कायमचें सोडलें होतें, आणि मराठवाड्यांत वांगें सोडणें ही कांहीं साधी तपश्चर्या नव्हे. शेवटीं पुण्यास नोकरी करणाऱ्या तिच्या मुलानें, मोठ्या मायेनें, त्या सात बाटल्या पाठविल्या. अक्का रक्तदाबाची गोळी घेत असे, आणि ती गोळी लघवीवाटें पाणी काढणारी. पोटांत अन्न नाहीं, मीठ नाहीं, शिवाय ती गोळी. तिसऱ्या दिवशीं पहांटे पडवीच्या पायऱ्या उतरतांना डोळ्यांपुढें अंधारी आली, ती पडली आणि उजवें मनगट मोडलें. 'विष निघतें आहे, त्याची ही खूण' असें बाटल्यांबरोबर आलेल्या कागदावर आधींच छापलेलें होतें. ज्या उपचारांत अपायही गुणाचीच खूण ठरतो, त्याला खोटें ठरविण्याची सोयच उरत नाहीं.

त्या बाटल्यांपैकीं एक दुध्याच्या रसाची होती. दुध्या हें गरीब भाजींतलें गरीब फळ. परंतु तो क्वचित् कडू निघतो, आणि तो कडूपणा खरोखरीचा विषारी असतो. २०१० सालीं दिल्लीस एक शास्त्रज्ञ असा कडू रस पिऊन दगावले, आणि त्यानंतर इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चला या प्रश्नासाठीं तज्ज्ञांची समिति नेमावी लागली. हाच दुध्या भाजीच्या पातेल्यांत असता, तर पहिल्याच घांसाला 'कडू आहे' म्हणून कोणीही ताट सारलें असतें. भाजी आपण चवीनें खातों. रस औषध म्हणून घेतों, आणि औषध कडूच असावयाचें अशी आपली समजूत. जिभेनें दिलेली सूचना त्या समजुतींत बुडून जाते. अख्खें अन्न चावून खाण्याच्या बाजूनें मला दिसणारें एक मोठें कारण हें आहे.

मी सिद्धेश्वरीं पोंचलों तेव्हां भाद्रपद होता, जलाशय तुडुंब भरला होता आणि धरणाचे दरवाजे उघडलेले होते. पाहावयाला गर्दी जमली होती. शेजारचे एक पेन्शनर त्या फेसाळ लोंढ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पोट असं मोकळं झालं पाहिजे, मास्तर!" धरणावर काम करणारे एक गृहस्थ जवळ उभे होते. ते म्हणाले कीं, या दरवाज्यांतून जातें तें वरचें पाणी. तळचा गाळ जागचा फारसा हालत नाहीं. गाळ कमी व्हावयाचा असेल तर वरच्या रानांतली माती वाहून येणें थांबविलें पाहिजे. मला ही उपमा आवडली, परंतु ती फार ताणतां येत नाहीं. धरणाला मूत्रपिंडें नसतात. तरीहि 'बाहेर काय काढावें' यापेक्षां 'आंत काय येऊं द्यावें' हा प्रश्न अधिक कामाचा, एवढें त्या गृहस्थांनीं नकळत सांगितलें होतें.

मनगटाच्या निमित्तानें हिंगोलीच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंची गांठ पडली. अक्काची पोटाची कथा त्यांनीं पाऊण तास ऐकून घेतली, आणि मला विशेष वाटलें तें हें कीं त्यांनीं आहाराविषयीं प्रथम अवाक्षर काढलें नाहीं. आधीं रक्त तपासलें. गव्हाच्या एका रोगाची तपासणी केली. गहूं बंद केल्यावर ती तपासणी फसवी ठरते, म्हणून ती आधींच व्हावी लागते, असें त्या म्हणाल्या. या वयांत दुर्लक्ष करतां येत नाहीं म्हणून नांदेडला दुर्बिणीनें आंतडें पाहून आणविलें. मोठें कांहीं निघालें नाहीं. आंतडें चिडखोर, एवढाच निर्णय झाला. मग त्यांनीं एक कागद काढला आणि तीन आठवड्यांचें जेवण लिहून दिलें. ज्वारीची भाकरी, भात, मुगाचें पातळ वरण बेतानें, दोडका, पडवळ, गाजर, काकडी, संत्रें, तेल, जिरें, आलें आणि तिची ती हळद. कांदा, लसूण, दूध, गहूं, तूर, वांगें यांना सुटी. "आणि तीन आठवड्यांनंतर?" मीं विचारलें. "खरें काम नंतरच आहे," त्या म्हणाल्या. एकेक पदार्थ परत आणावयाचा, एका वेळीं एकच. तीन दिवस तो खाऊन पाहावयाचा. रोज काय झालें तें लिहावयाचें.

ही रीति नवी नव्हे. कॅलिफोर्नियांतील आल्बर्ट रो या डॉक्टरांनीं अन्नाची अ‍ॅलर्जी शोधण्यासाठीं अशा वर्जन-आहारांचे तक्ते शंभर वर्षांपूर्वींच्या त्या काळांत बसविले. मेलबोर्नच्या मोनॅश विद्यापीठांतील संशोधकांनीं २००५ सालीं कांदा, लसूण, गहूं, कांहीं डाळी आणि दूध यांतील आंबणाऱ्या शर्करांना 'फॉडमॅप' असें एकत्र नांव दिलें, आणि चिडखोर आंतड्यासाठीं 'काढा, परत आणा, मग आपल्यापुरतें ठरवा' असा तीन पायऱ्यांचा क्रम पुढें रूढ झाला. परंतु मला खरा आनंद झाला तो आपल्याच जुन्या वैद्यकांतला एक शब्द आठवून. आयुर्वेदांत रोग ओळखण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत. त्यांत 'उपशय' हें एक. अमुक आहार किंवा औषध देऊन पाहावें, बरें वाटतें कीं वाईट तें पाहावें, आणि त्यावरून रोगाचा तर्क करावा. येथें वर्ज्य-अवर्ज्य हें पुण्यासाठीं नाहीं, शुद्धीसाठीं नाहीं. तें विचारण्यासाठीं आहे. रसवाले आपल्याला पंचकर्माचे वारस म्हणवितात, तेव्हां हेंही सांगितलें पाहिजे कीं वमन-विरेचन हें कोणालाही सरसकट देण्याचें कर्म आपल्या वैद्यांनीं मानलें नव्हतें. दुर्बल, वृद्ध, बालक यांच्या बाबतींत तेथें हात आंखडता आहे, आणि शोधनानंतर पेज, मग दाट पेज, मग हळूहळू पुरें जेवण असा क्रम बांधून दिलेला आहे. बाटलीवाल्यांनीं त्यांतलें धुणें तेवढें उचललें, रोगी पाहणें आणि सांवरणें टाकून दिलें.

अक्का या परीक्षेला फार योग्य विद्यार्थिनी निघाली. चाळीस चातुर्मास पाळलेल्या बाईला 'हें तीन आठवडे खाऊं नको' हें सांगणें म्हणजे पोहणाऱ्याला पाण्यांत उतर म्हणण्यासारखें. (आपल्या उपासाच्या याद्यांचें मला नेहमीं नवल वाटतें. एकादशीला चालणारे साबुदाणा, बटाटा आणि शेंगदाणे हे तिन्ही मूळचे अमेरिका खंडांतले. धान्याला बंदी करून आपण परदेशस्थांना दार उघडलें, आणि 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण सार्थ केली.) तिनें नोंदी ठेवल्या त्या पंचांगाच्या समासांत, तिथीवार. 'सप्तमी, दूध, कांहीं नाहीं.' 'एकादशी, तूर, थोडें गच्च.' डॉक्टरीणबाईंना त्या वाचतांना कॅलेंडर शेजारीं घेऊन बसावें लागलें.

दूध निर्दोष ठरलें. तूर बेतानें खाल्ली तर चालते, गहूं फार झाला तर जड होतो. मग वांग्याची पाळी आली. वीस वर्षांनीं अक्कानें वांगें चिरलें, नुसत्या तेल-जिऱ्यावर परतलें, तीन दिवस खाल्लें. आणि कांहीं झालें नाहीं. चौथ्या दिवशीं तिनें पुन्हां खाल्लें, केवळ खात्रीसाठीं, असें ती म्हणते. त्यापुढचा कांदा. त्याच रात्रीं पोट फुगलें. लसणीनेंही तेंच केलें.

तेव्हां तिच्या वीस वर्षांच्या आजाराचा हिशेब माझ्या ध्यानांत आला. आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, घरोघर कांद्याचे प्रकार होतात आणि दोन दिवसांनीं चातुर्मास लागला कीं कांदा, लसूण आणि वांगीं बंद. तिच्या घरीं तीं सुटत तीं चंपाषष्ठीला, खंडोबाच्या नैवेद्याला. त्या दिवसाला 'वांगेसट' म्हणतात तें उगीच नव्हे. म्हणजे वर्षांतले जवळजवळ पांच महिने ती आपण होऊन हाच आहार पाळीत होती, आणि त्या दिवसांत तिला बरेंही वाटत असे. त्याचें श्रेय ती व्रताला देई. मार्गशीर्षांत पोट बिघडलें कीं दोष थंडीला. आणि एका चंपाषष्ठीला भरीत खाऊन ती फारच आजारी पडली, तेव्हां दोष वांग्याला. भरितांत वांगें होतें तसा कांदाही होता, लसणीचा ठेंचाही होता. तिघे एकाच दिवशीं, एकाच ताटांत परत आलेले! व्रतानें काढणें उत्तम साधलें होतें; परत आणण्याची रीत मात्र सणाची होती, शोधाची नव्हती, आणि म्हणून त्या उत्तम प्रयोगांतून वीस वर्षें चुकीचा गुन्हेगार शिक्षा भोगीत राहिला. "वांग्यानं माझं काय वाईट केलं होतं रे?" अक्का म्हणाली, आणि तिच्या स्वरांत खरोखरीची हळहळ होती.

तर मूळ प्रश्नाचें माझें उत्तर असें कीं, होय, साधें अख्खें अन्न आणि थोडकें, मुदतीचें वर्जन यांनीं त्या बाटल्यांची जागा घ्यावी. परंतु बाटल्यांचेंच काम करावयाचें म्हणून नव्हे. तीन आठवडे कांदा सोडल्यानें अक्काच्या अंगांतून कांहींही धुऊन निघालें नाहीं. तिला एक माहिती मिळाली. जो मनुष्य पदार्थ सोडतो आणि एकेक करून परत आणीत नाहीं, त्यानें एरंडेलच घेतलें, फक्त तें भाकरीच्या रूपानें घेतलें. ज्याचें पोट चांगलें आहे त्याला या परीक्षेची गरजच नाहीं. त्यानें भाकरी, वरण, पालेभाजी आणि कारळाची चटणी खाऊन आपल्या कामाला लागावें.

याद्यांची मला भीति वाटते. २००९ सालीं अमेरिकेंत 'होल थर्टी' नांवाचा तीस दिवसांचा कार्यक्रम निघाला. त्याच्या मूळ यादींत साखर आणि दारू यांच्याबरोबर सर्व धान्यें, सर्व डाळी आणि दूधदुभतें वर्ज्य. तीस दिवसांनंतर पदार्थ क्रमानें परत आणावे असें त्यांतही सांगितलेलें आहे, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. परंतु ती यादी जशीच्या तशी सिद्धेश्वरीं आणली तर भाकरी गेली, वरण गेलें, ताक गेलें, आणि बहुतेक ताटांत ठेंचा व मीठ एवढेंच उरेल. माझ्या वर्गांत एक हुशार मुलगी होती. तिनें पोटासाठीं प्रथम गहूं सोडला, मग दूध, मग डाळी, मग फळें. परत कांहींच आणलें नाहीं. दर वेळीं दोन दिवस बरें वाटे आणि मग नवा संशयित शोधावा लागे. वर्षअखेरीस ती जिना चढतांना कठड्याला धरून थांबूं लागली. तिच्या आईनें तिला डॉक्टरकडे नेलें आणि ती सांवरली. पण तिचें एक वर्ष गेलें. वाढत्या वयाचीं मुलें, गरोदर स्त्रिया, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणारे लोक यांनीं तर हा खेळ आपल्या मनानें मांडूंच नये. आणि ज्याला एखाद्या पदार्थानें अंगावर गांधी उठून श्वास कोंडतो, त्यानें तो पदार्थ घरीं परत खाऊन पाहणें म्हणजे जिवाशीं खेळ.

सिद्धेश्वरांत या प्रकरणाचा परिणाम अपेक्षेबाहेर झाला. अक्काचें पोट कांदा सोडल्यानें बरें झालें, ही बातमी गल्लींत पसरली, आणि चार-पांच बायांनीं कांदा सोडला. एकीला मूळव्याध होती, एकीला गुडघेदुखी. शेवटीं अक्कालाच त्यांना ओसरीवर बसवून सांगावें लागलें, "अगं, कांदा माझा वैरी, तुमचा नव्हे. तुमचा वैरी तुम्ही हुडका, आणि आधी डॉक्टरला दाखवा." दोघींनीं तिच्याकडून जुनें पंचांग मागून नेलें.

आतां ती तेलांत लसणीच्या पाकळ्या तळते आणि काढून टाकते. त्रास देणारी शर्करा तेलांत उतरत नाहीं, वास मात्र उतरतो, ही युक्ति डॉक्टरीणबाईंची. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग तिला चालतो. गेल्या चंपाषष्ठीला मी तिच्याकडे होतों. तिनें पातीचें भरीत केलें होतें, रोडगे केले होते, आणि चिरलेला कांदा एका वाडग्यांत निराळा ठेवला होता, ज्याला हवा त्यानें घ्यावा म्हणून. मीं घेतला.